कौलाआधीची तारीख

आमच्या धंद्यात प्रत्येकाचा एक साइड प्रोजेक्ट असतो. म्हणजे पगाराचं काम सोडून शनिवार-रविवारी हौसेनं केलेलं काहीतरी. तो नसला की मुलाखत घेणारा तुमच्याकडे जरा कीव केल्यासारखा बघतो. माझ्या शेजारच्या टेबलावरच्यानं पाणी प्यायची आठवण करून देणारं अ‍ॅप काढलं होतं. पलीकडच्या बाईनं मांजरांचे फोटो ओळखणारं काहीतरी. माझं एकच पान होतं. त्यावर एक तारीख असायची, आणि वर्षातले बरेच महिने तीही नसायची.

मी वीसेक वर्षं वेबसाइट बनवतेय. कंपन्या बदलल्या, अंधेरी पूर्व बदललं नाही. बँकांचे फॉर्म, विम्याचे फॉर्म, हॉटेलच्या खोल्या, पुन्हा बँकांचे फॉर्म. आमच्या कामाची गंमत अशी की दोन-तीन वर्षांत नवा साहेब येतो आणि जुनं सगळं उपटून नवं लावायला सांगतो. मी बनवलेली एकही मोठी साइट आज जिवंत नाही. त्या एका पानाला मात्र लोक दर वर्षी शोधत यायचे, म्हणून ते मला जपायचं होतं. का जपायचं होतं ते कळायला आधी कौल काय असतो ते सांगावं लागेल.

माझं माहेर तळकोकणातलं. आमच्या गावच्या देवीची जत्रा कॅलेंडरवर नसते. तिला ठरलेली तिथी नाही. थंडी पडली की गावचे मानकरी देवळात बसतात, देवीला गाऱ्हाणं घालतात, मूर्तीला फुलांच्या पाकळ्या लावतात आणि तारीख विचारतात. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. नाही आलं की पुढची तारीख. याला कौल लावणं म्हणतात. कौल मिळाला की जत्रा ठरली, आणि मग मुंबईत धावपळ. रजा, तिकिटं, ओटीचं सामान, कुणाच्या घरी कोण उतरणार. गाड्यांचं आरक्षण तोवर संपलेलं असतं. दर वर्षी असतं. लोक उभ्यानं जातात, टेम्पोनं जातात, पण जातात.

मुलुंडला आईकडे दिवाळी संपली की फोन सुरू व्हायचे. मानखुर्दची मावशी एक तारीख सांगायची, कुर्ल्याचा मामेभाऊ दुसरी, आणि दोघांनाही ती 'आतल्या माणसाकडून' कळलेली. आई दोन्ही तारखांना अर्धी बॅग भरून ठेवायची. मला असला घोळ सहन होत नाही. मी थेट गावच्या काकांना फोन लावला. काका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, स्वतः मानकरी, कौल लावताना मूर्तीच्या शेजारी उभे राहणारे. म्हटलं, "काका, कौल झाला की मला एक फोन करा. मी एका जागी लिहून ठेवते. सगळ्या मुंबईला तिथंच दिसेल."

काका म्हणाले, "करीन. पण माज्या फोनाआदी थंय कायएक लिवचा नाय."

"नाही लिहिणार."

"आकडो नाय, अंदाज नाय."

"नाही, काका."

एवढीच अट. ती मी पानावरही घातली. कौल होईपर्यंत तिथं एकच वाक्य असायचं: देवीचा कौल अजून झालेला नाही, झाला की इथे दिसेल. बाकी पान कोरं. लोक ते उघडायचे, वाचायचे, बंद करायचे, परत उघडायचे.

नंतर कळलं की गावात यावर बाचाबाची झाली होती. कौलाच्या बैठकीत बायकांना जागा नाही. त्यात मी लग्न होऊन दुसऱ्या घरची झालेली. आणि पहिला फोन मला? एकानं विचारलं म्हणे, उद्या त्या मशिनीत काय भलतंच आलं तर कोण जबाबदार? काका म्हणाले, "चेडू आपला आसा. माजी हमी." चेडू म्हणजे आमच्याकडे मुलगी. हे मला आईकडून कळलं. काका स्वतः कधी बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून ते पान माझ्यासाठी साइड प्रोजेक्ट राहिलं नाही. त्यावर दुसऱ्याचा शब्द अडकला होता.

बरीच वर्षं ते बिनघोर चाललं. काकांचा फोन यायचा, "गो, लिव्हून घे, कौल झालो," आणि मी असेन तिथून तारीख टाकायचे.

आता मित्राचं. तो माझ्या शेजारी बसायचा, पाण्याचं अ‍ॅप त्याचंच. बोरिवलीचा, हुशार, बोलका, कामाला चांगला. आम्ही तीन कंपन्या एकत्र बदलल्या. एकाला नोकरी लागली की तो दुसऱ्याला ओढायचा. त्याचं खरं प्रेम कॉन्फरन्सवर. वेब डेव्हलपरांची संमेलनं असतात, तिथं स्टेजवर उभं राहून आपण काय केलं ते इतरांना सांगायचं. त्याच्या टेबलाच्या खणात गळ्यात घालायच्या बिल्ल्यांचा गुंता होता, आणि आठवड्याचे पाचही दिवस पुरतील एवढे फुकटचे टी-शर्ट.

तोच माझ्या मागे लागला. "यार, तू का नाही बोलत? आम्ही सगळे तेच तेच दळण दळतो. तुझ्याकडे खरी गोष्ट आहे."

"कोऱ्या पानावर काय बोलणार?"

"तेच बोल ना! कोरं का ठेवतेस, ते बोल."

मी बोलले. अंधेरीतल्या एका हॉटेलात, इंग्रजीत. विषय असा की माहिती नसेल तेव्हा साइटनं सरळ नाही म्हणावं, काहीतरी दाखवायचं म्हणून दाखवू नये. पडद्यावर काकांचा फोटो लावला होता. देवळाच्या पायरीवर बसलेले, फोन कानाला. त्यासाठी आधी परवानगी घेतली होती. "घाल," म्हणाले, "पण टोपी घातलेलो घाल." बाजूच्या हॉलमध्ये एआयवर भाषण होतं, त्यामुळे माझ्याकडे निम्म्या खुर्च्या मोकळ्या. पण जे होते ते शांत बसून ऐकत होते. शेवटी एका तरुणानं विचारलं, "मॅम, जुन्या तारखा आहेत ना तुमच्याकडे? मग पुढची प्रेडिक्ट का नाही करत?" मी म्हटलं, ती सांगायचा अधिकार माझा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मित्रानंही वाजवल्या. पहिल्या रांगेत होता तो. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर तो म्हणाला की ही अट त्याला माहीतच नव्हती.

त्याच्या पुढच्या थंडीत आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड. मुलुंडलाच ऑपरेशन झालं आणि मी घर, ऑफिस आणि हॉस्पिटल अशी वाटून गेले. नेमकं तेव्हाच पान ज्या सर्व्हरवर होतं त्या कंपनीनं गाशा गुंडाळला, ते दुसरीकडे हलवणं भाग होतं. मित्र म्हणाला, "मला दे ना. एका बैठकीत करतो. तू आईकडे बघ." त्याच्याइतका लायक माणूस माझ्या ओळखीत नव्हता. मी त्याला सगळे पासवर्ड दिले आणि सांगितलं, फक्त चालू ठेव.

त्यानं चालू ठेवलं. दोन-तीन आठवड्यांनी त्याचा मेसेज आला, "छोटीशी सुधारणा केलीय, वेळ मिळाला की बघ." त्या दिवशी आईला पहिल्यांदा वॉकर धरून उभं करणार होते. मी बघितलं नाही.

सुधारणा कळली ती मानखुर्दच्या मावशीच्या फोनवरून. मावशी एकदम खुशीत. "काय गो, या वर्षी झकास काम केलंस! आधीच तारीख! आमची सगळ्यांची तिकिटं झाली. आयुष्यात पहिल्यांदा बसून जाणार."

"कुठली तारीख, मावशी? कौल झाला?"

"झाला असेल ना, तूच तर टाकलीयस."

मी हॉस्पिटलच्या जिन्यातच पान उघडलं. तिथं मोठ्या ठसठशीत अक्षरात एक मंगळवार होता. तिथंच लॅपटॉपवर उघडून बघितलं तेव्हा खाली फिक्या राखाडी रंगात लिहिलेलं दिसलं: 'अंदाजे, मागील तारखांवरून'. मोबाइलवर ती ओळ बसत नव्हती म्हणून दिसतच नव्हती. आमची माणसं सगळं मोबाइलवर बघतात. त्यांना दिसली ती नुसती तारीख, आणि ती माझ्या पानावर होती, म्हणजे पक्की.

मी ती लगेच काढली. पण लोकांनी पानाचे फोटो काढून मोबाइलवरच्या गटागटांत फिरवले होते. पान दुरुस्त करता येतं, फिरलेला फोटो परत बोलावता येत नाही. गावच्या मुंबई मंडळानं त्या तारखेच्या बसही सांगून ठेवल्या होत्या.

मित्राला फोन केला.

"अगं, 'अंदाजे' लिहिलंय ना!"

"मोबाइलवर दिसत नाही."

"हां, ते सीएसएसचं, मांडणीचं काहीतरी असेल. सॉरी यार. पण तारखेचा अंदाज काढणारं मॉडेल बघितलंस का? मागच्या सगळ्या तारखांवर चालवून बघितलं, मस्त जवळ जातं. बहुतेक मंगळवार, अमावास्येपासून—"

"ती देवीला विचारून ठरते."

"ते ठीक आहे गं, अंदाज टाकायचा नाही अशी अट आहे हे मला माहीतच नव्हतं. पण पॅटर्न असतोच ना. लोकांना तिकीट मिळतंय, हा फायदा नाही का?"

त्याला खरंच वाटत होतं की त्यानं लोकांचं भलं केलं. मला राग आणणारी गोष्ट तीच होती, अजूनही आहे. तो खोटं बोलत असता तर सोपं झालं असतं. आणि ही सुधारणा कशासाठी होती तेही त्याच बोलण्यात कळलं. पुढच्या कॉन्फरन्ससाठी त्याला एक डेमो हवा होता.

कौल झाला तेव्हा दुसरीच तारीख आली. आठवडाभर आधीची. नुसतं एवढंच झालं असतं तर मुंबईकरांनी तिकिटं रद्द केली असती, मला शिव्या घातल्या असत्या आणि उभ्यानं गेले असते. पण ती तारीख मिळण्याआधी पाकळीच पडेना. सकाळी बसलेले मानकरी दुपारपर्यंत बसून राहिले. एक तारीख, दुसरी, तिसरी, काहीच नाही. देवी बोलत नाही म्हटल्यावर कारण शोधणं आलं, आणि कारण प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये होतं. तिला विचारण्याआधीच मुंबईकरांनी तिची तारीख जाहीर केलेली. कुणीतरी म्हणालं, ज्यानं हमी घेतली त्यानंच माफी मागावी.

काकांनी टोपी काढून, सगळ्या गावासमोर, देवीपुढे नारळ ठेवला. त्यानंतर उजवी पाकळी पडली, म्हणे.

मला त्यांचा फोन आला तो संध्याकाळी. "कौल झालो" म्हणाले नाहीत.

"गो, माज्या आदी तू तारीख घातलंस?"

मी सांगितलं. आईचं ऑपरेशन, मित्र, पासवर्ड, सगळं क्रमानं सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही.

"तो कोण?"

"ऑफिसातला आहे, काका."

"आपल्या गावचो?"

"नाही."

"मगे तेका आमच्या देवीचा काय पडलासा?" एवढं म्हणून त्यांनी आईची चौकशी केली. हाड नीट बसलं का, भूक लागते का. तारीख मात्र सांगितली नाही. ती मला मंडळाच्या गटावरून कळली.

मंडळाची सभा दिंडोशीला एका शाळेच्या वर्गात झाली. छोट्या बाकांवर मोठी माणसं गुडघे बाजूला काढून बसलेली. मला बोलावणं होतं. बायकांमध्ये मी, मावशी आणि चहाचं बघणाऱ्या दोघी. चिटणीस निवृत्त बँकवाले, त्यांना लांबड आवडत नाही. मलाही नाही.

"साइट कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी. पण बदल मी—"

"साइट कुणाची, एवढंच विचारलं."

"माझी."

मागून एक जण म्हणाला, "पुढच्या वर्षी नवरदेवाच्या आधी वरात काढू या!" हशा पिकला. दुसरा म्हणाला, "अरे, तिला बोलू द्या, तिची आई आजारी होती." तिसरा म्हणाला, "आमच्या तिकिटांची वाट लागली ती पण आजारीच पडलीयत." मावशी उठून म्हणाली, "इतकी वर्षं बरोबर सांगितलं तेव्हा कुणी हार घातला होता का रे तिला?" तिला खाली बसवलं.

ठराव झाला: यापुढे तारीख फक्त मंडळाच्या गटावर येईल, ते पान बंद करावं. मी वाद घातला नाही. घालण्यासारखे मुद्दे होते, मी ते येताना मनात लावूनही ठेवले होते. पण काकांनी सगळ्यांसमोर टोपी काढली होती, त्यापुढे माझा कुठला मुद्दा टिकणार होता? मुलुंडला आईकडे आले आणि पान काढून टाकलं. आईनं विचारलं, "झालं?" म्हटलं, झालं. तिनं भाजी निवडायला घेतली.

मित्राला मी हे सगळं सांगितलं होतं. काकांचा नारळसुद्धा. त्याला कळावं म्हणून सांगितलं होतं. ऐकून त्यानं काका आता कसे आहेत ते विचारलं. मला वाटलं, पोचलं.

मग आमच्याकडे नवी फॅशन आली. यशाची भाषणं जुनी झाली, आता लोक स्टेजवर जाऊन आपलं अपयश सांगतात. किती चुकलो, काय शिकलो. त्याला माणुसकी वगैरे म्हणतात. पवईच्या एका हॉलमध्ये कॉन्फरन्स होती, ऑफिसनं आम्हाला सगळ्यांना पाठवलं. कार्यक्रमपत्रिकेत त्याचं भाषण होतं. विषय वाचून मला अंदाज आला, तरी जाऊन बसले. या खेपेस बाजूच्या हॉलमध्ये कोण होतं माहीत नाही, पण त्याचा हॉल भरलेला होता. मागे लोक उभे होते.

तो चांगलं बोलतो. ते मान्य करायलाच हवं. कोकण, समुद्र, देऊळ, पाकळ्या, सगळं त्यानं मजेत रंगवलं. मग पडद्यावर काकांचा फोटो आला. माझ्या भाषणातला, टोपी घातलेला. अख्खा पडदाभर. आणि तो इंग्रजीत म्हणाला, "हे माझे क्यूए इंजिनीअर. यांनी माझं मॉडेल रिजेक्ट केलं, आणि वर देवाकडे एस्कलेट केलं." क्यूए म्हणजे आमच्याकडे काम तपासून चुका काढणारा, आणि एस्कलेट करणं म्हणजे तक्रार वरच्या साहेबाकडे नेणं. हॉल खदखदून हसला. मग त्यानं नारळाचं सांगितलं. त्यावर जास्त हसले. शेवटी गंभीर होऊन म्हणाला की वापरणाऱ्यांची श्रद्धा समजून न घेता कोड लिहू नये. लोक उभे राहिले टाळ्यांसाठी. माझा उल्लेख 'एक सहकारी' असा एकदा आला.

बाहेर चहापाशी त्याला गाठलं. त्याच्याभोवती पोरं फोटो काढत होती.

"कसं झालं?" तो म्हणाला. घामेजलेला, खूष. "मनापासून बोललो आज. चूक कबूल केली यार सगळ्यांसमोर."

"काकांचा फोटो काढून टाक."

"कशातून?"

"तुझ्या भाषणातून. व्हिडिओ येईल ना त्याचा, त्यातून."

"अगं, ते आयोजकांच्या हातात असतं. आणि किती गोड दिसतायत त्यात ते! कुणी वाईट अर्थानं हसलं नाही."

"त्यांना विचारलं होतंस?"

"तू विचारलं होतंस ना तेव्हा?"

मी चहा तसाच ठेवला. आयोजकांना लिहिलं. त्यांचं नम्र उत्तर आलं की वक्त्याकडून विनंती यावी लागेल. वक्त्यानं ती केली नाही. त्याच भाषणावर त्याला बेंगळुरूच्या एका कंपनीत बोलावणं आलं आणि तो गेला. निरोपाच्या केकला मी उभी होते. या वेळी मला ओढायचं त्याच्या मनात आलं नाही, आणि आलं असतं तरी मी गेले नसते.

व्हिडिओ निघाला आणि निघाल्यावर फिरला, कारण आमच्या देवळाचा फोटो त्यात होता आणि गावची माणसं गावचं काहीही फिरवतात. एका रविवारी दुपारी काकांचा फोन आला. सभेनंतर पहिल्यांदा. मी भांडी लावत होते, हात पुसून घेतला.

"गो, एक व्हिडिओ इलोसा. तेतूर माजो फोटो आसा. मोठो."

"हो, काका."

"टोपी बरी दिसता."

"हो."

"तो तुजो मित्र काय बोलता ता इंग्रजीत आसा. माका कळणा नाय." मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. "मी तीनदा बगलंय. माजो फोटो इलो की लोक हसतत. कित्याक हसतत गो?"

मी म्हटलं, त्याच्यावर हसतायत, काका. त्याची चूक झाली म्हणून.

"मगे फोटो तेचो लावूचो," काका म्हणाले. "माजो कित्याक लावल्यान?"

मी फोन धरून उभी राहिले. पलीकडे तेही थांबले होते, मी काहीतरी सांगीन म्हणून.